ठराव क्रमांक सात

सी विंगला वेगळं व्हायचं होतं.
मुलुंड पूर्व, गच्ची, रविवार साडेदहा.
कोरमअभावी सभा तहकूब,
अर्ध्या तासानं तीच सभा, तेच नऊ जण.
कारखानीस चष्मा पुसत उभे राहिले :
तेवीस वर्षं आम्ही ए विंगच्या लिफ्टचे पैसे भरतोय.
टाळ्या पडल्या. मग 'स्वयंनिर्णय' हा शब्द आला
आणि इतिवृत्तात 'नि' पहिली की दुसरी, यावर मी अडलो.

जा की, दुभाषीबाई म्हणाल्या,
पण जिना आमच्या हद्दीत येतो. उडत जा.
गांडूळखताचा खड्डा कुणाच्या वाट्याला, यावर पाऊण तास गेला.
गांडुळांना कुणी विचारलं नाही.

नेइझो मागे, टाकीला टेकून.
सी-३०४. ऐरोलीला नोकरी, गाव कोहिमाच्या वरच्या अंगाला.
रजिस्टरात त्याचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलंय,
तिन्ही माझ्याच अक्षरात.
भाडेकरूला मत नसतं, चहा असतो.
कारखानीसांनी मस्करीत विचारलं,
तुमच्याकडे चालतं ना हे? सांगा, कसं करतात?

तो चक्क मराठीत बोलला.
"माझे वडील दोन कर भरायचे.
एक दिल्लीच्या सरकारला,
एक, जो अजून झाला नाही त्या देशाला.
दोन्हींची पावती मिळायची, शिक्क्यासकट.
वडील त्या एकाच बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे.
रात्री दार वाजलं की आई आतून विचारायची,
कुठली पावती दाखवू?
दुसरी पावती माझा काका फाडायचा.
जंगलातून यायचा, आमच्याकडूनही पैसे मोजून घ्यायचा,
मग हात धुऊन जेवायला बसायचा."

कुणाची तरी खुर्ची करकरली.
हो, पण ते वेगळं, कारखानीस म्हणाले.
वेगळंच आहे, नेइझो म्हणाला, आणि गार झालेला चहा प्यायला.
मी लिहिलं : भाडेकरूचे म्हणणे नोंदवू नये असे ठरले.
समासात, बारीक : डबा.

ठराव एका मतानं मंजूर.
अर्ज उपनिबंधकांच्या टेबलावर पडून आहे अजून,
पण सी विंगनं पावतीपुस्तक छापून घेतलं,
शिक्काही केला, घाईत, एक काना गाळलेला.

पाच तारखेला नेइझो आला.
मोटारसायकलच्या जागेचे दीडशे मी घेतले, पावती फाडली.
त्यानं खिशातून दुसरी काढली,
सी विंगची, तेवढ्याच रकमेची,
दोन्हींच्या कडा जुळवून एक घडी घातली
आणि विचारलं, काका,
एखादा रिकामा डबा असेल का तुमच्याकडे?