दीड इंच माया

बंक्रानात, बंद पडलेल्या बेकरीच्या वरच्या खोलीत
ब्रोना लग्नाचे झगे शिवते. वर्षाला चौदा.
पंधरावीला ती नाही म्हणते
आणि मग दिवसभर चिडलेली असते, स्वतःवरच.

मी मंगळवार-शुक्रवार जाते:
लिननला इस्त्री, काजांच्या खुणा, चहा,
फरशीवरच्या टाचण्या लोहचुंबकाने वेचणं.
पहिल्या आठवड्यात तिने पगार आधीच हातावर ठेवला.
म्हणाली, "माझ्या आईला नगावर मिळायचे.
डझन कॉलर, तेवढे पैसे.
एक वाकडी निघाली की अख्खा डझन बाद."
एवढंच. आईविषयी ती जास्त बोलत नाही.
आईची कात्री मात्र कुणाला हात लावू देत नाही,
आणि कागदाला तर नाहीच नाही.

कापड मलाकी विणतो, डोंगरापलीकडे.
त्याचा गुडघा धरला की कापड उशिरा येतं,
कापड उशिरा आलं की नवरी रडते,
नवरी रडली की ब्रोना तिला फोन जोडून देते:
"त्याच्याशी बोल. तुझा झगा आत्ता त्याच्या मागावर आहे."
बहुतेक जणी गुडघ्याची चौकशी करून फोन ठेवतात.
एकीने तिथल्या तिथे ऑर्डर रद्द केली.
तिचे पैसे परत गेले,
आमचं भाडं त्या महिन्यात उशिरा गेलं.

प्रत्येक शिवणीत ती दीड इंच माया ठेवते.
"अंग काय, सुटतं, आटतं.
दुखणी येतात, लेकरं होतात,
एखादी लेक म्हणते, मलाही हाच हवा.
कापताना पुढची बाई डोळ्यांसमोर हवी."

फेब्रुवारीत क्लोडा आली,
टपालाने मागवलेला झगा खोक्यासकट काखेत.
ऐंशी युरोचा, छातीत घट्ट.
कामाला मासळीच्या कारखान्यात, लग्न नऊ दिवसांवर.
दारातूनच माफी मागत होती,
चोरी करून आल्यासारखी.
मला वाटलं, ब्रोना नाही म्हणेल.
खरं सांगायचं तर मला ते हवंही होतं.
तिने चष्मा लावला. झगा उलटा केला.

शिवणीत माया नव्हतीच.
सूतभर असेल. कुणीतरी, कुठेतरी,
कापडाचा धागान् धागा हिशेबात धरला होता.
पण टीप सरळ होती.
कमरेपाशी, जिथे मशीन वळत नाही,
तिथे हातटाके: बारीक, एकसारखे, घाईतही नेमके.
आणि अस्तरात अडकलेला
एक लांब काळा केस.

क्लोडाचे केस लाल, आखूड.
ब्रोना बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "छान शिवते ही बाई.
हिला वेळ दिला नाही कुणी."

बगलेत दोन कळ्या घातल्या
मलाकीच्या लिननच्या, बिस्किटांच्या डब्यातल्या तुकड्यांतून.
पांढऱ्याला पांढरं जुळेना.
"हात वर केलास की दिसेल," ब्रोनाने सांगून टाकलं.
"दिसू दे," क्लोडा म्हणाली, "मी नाचणारच आहे."
चाळीस युरो. वीस आज, वीस लग्नानंतर.
केस होता तिथेच राहिला.
त्याच्यावरून टाका घ्यायचा नाही, मला बजावलं होतं.

आमच्या झग्यांच्या दुमडीत, आतून,
निळ्या दोऱ्याने नावं असतात,
विणणाऱ्याचं, बेतणारीचं, शिवणारीचं.
याच्यात मी भरायची होती: मलाकी, ब्रोना,
आणि पहिल्यांदाच, खाली, माझं.
सुई ओवायला तीन वेळा चुकले.
"वर जागा सोड," ब्रोना म्हणाली. "पहिलं नाव तिचं."
"काय लिहू?"
"माहीत नाही ना? मग काही लिहू नको.
नुसती जागा सोड."
मी किती सोडू म्हणून पट्टी शोधायला लागले.
"पट्टी कशाला?
रोज माया ठेवतेस ना?
तेवढी."