क्रमांक एकोणतीस

उद्यमबागेत, तिसऱ्या गेटाच्या पलीकडे,
हुंदऱ्यांच्या फाउंड्रीत एक यंत्र आहे.
लोखंडाच्या बिल्ल्यावर ठिणगी पाडतं
आणि सांगतं, ह्यात कार्बन किती, गंधक किती.
सांगतं ते फक्त आपल्याच पडद्यावर.
भरमाण्णा तो आकडा वहीत उतरवतो,
वही घेऊन भट्टीपर्यंत चालत जातो,
तोवर रस थंडावलेला असतो,
कधी घामाने तीनाचा आठ झालेला.

यंत्र बनवणारी कंपनी बुडाली.
मागे राहिली एक लायब्ररी:
त्रेचाळीस फंक्शनं, नावं खरवडून काढलेली,
नुसते क्रमांक.
आणि माझ्याकडे भट्टी सांभाळणारी
स्क्रिप्टची भाषा, जिला 'थांब' येतं, 'बेरीज' येते,
'कार्बन' हा शब्दच येत नाही.

रात्रपाळीला बसलो.
पहिल्या हाकेला सगळं कोसळलं.
दुसऱ्या हाकेलाही.
"काय करूलैस रे?" भरमाण्णा दारातून.
"हाका मारूलोय. कोण ओ देईना."

मग आतून उलगडत गेलो,
परातीतल्या ज्वारीतले खडे निवडावेत तसा.
सतराव्याच्या अगदी शेवटी दिसलं:
निघताना तो बारा बाइट आवरतो.
आपली ताटं आपणच विसळून जाणारा पाहुणा,
चार-चार बाइटची तीन ताटं.
आणि मी वाढत होतो दोनच.
तिसरं तो माझ्या मांडणीतून ओढून नेई
आणि मांडणी पडे.

तीन वाढली. एक यंत्राचा नंबर,
एक मूलद्रव्याचा, एक रिकामी जागा: इथे लिही.
त्याने लिहिलं: ३४१००.
भरमाण्णाच्या वहीत त्याच बिल्ल्यासमोर ३.४१.

मी उठून बाहेर गेलो. वाळूच्या ढिगाशी जरा उभा राहिलो.

कन्नड मी असाच शिकलो होतो.
खानापूरकडचा पोरगा, पहिली नोकरी,
ईराण्णाचा चहाचा गाडा.
व्याकरण कुणी दिलं नव्हतं.
'साकू' म्हटलं, किटली थांबली.
'बेकू' म्हटलं, पुन्हा तिरकी झाली.
'ब्याड' म्हटलं त्या दिवशी
त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.
शब्द टाकायचा, काय हलतं ते बघायचं,
मनात पेन्सिलीने खूण करायची.
चौकात लोक पाट्यांवरून भांडत.
पाटीला हाक मारून काही परत येत नाही.

बाकीची फंक्शनं हळूहळू बोलू लागली.
आठवा ठिणगी पाडतो, हे मला
बिल्ला ठेवायच्या आधीच कळलं.
इलेक्ट्रोडचे पैसे पगारातून गेले.

राहिला एकोणतीस.
त्याला काही द्या, शून्य. काही नका देऊ, शून्य.
आधीची मेमरी, नंतरची मेमरी शेजारी मांडली,
एक बाइट जागचा हललेला नाही.
तरी तेवीसवा, प्रत्येक मोजणीआधी,
त्याला एकदा हाक मारून येतो.

ईराण्णाला विचारलं होतं कधीतरी,
सुट्टीच्या दिवशी, बंद गाड्यापाशी बसला होता:
का रे बसलास?
"सुम्ने," म्हणाला.
मराठीत काय म्हणू? 'उगाच' म्हणावं
तर त्यात थोडी कानउघाडणी येते.
'सहज' म्हटलं तर थोडी ऐट.
तो तर नुसता बसला होता.

पहाटेपर्यंत बांधणी पुरी झाली.
भट्टीच्या भाषेला आता कार्बन येतो,
गंधक येतं, मँगेनीज जरा अडखळत.
भरमाण्णाने भट्टीपाशी लावलेल्या पडद्यावरचा आकडा पाहिला,
वहीत उतरवला,
आणि यंत्रापर्यंत चालत जाऊन ताडून आला.

टिपणवहीत माझ्या पुढच्याला लिहून ठेवलंय:
सतरा, प्रमाण. दहा हजाराने भागावं.
आठ, ठिणगी. बिल्ल्याशिवाय हाक मारू नये.
एकोणतीस, सुम्ने.
काढू नये.