कडी

पाहुण्यांच्या समितीत मी दुभाषी.
काराकुमच्या कडेचा तुरुंग
आता ‘पुनर्वसन केंद्र’ झालाय.
फाटकाचा पिस्ता रंग अजून ओला;
एकीच्या बाहीला लागला
तर संचालक स्वतः रॉकेलचा बोळा घेऊन धावले.

खिडक्या मोजून झाल्या.
ग्रंथालयातली पुस्तकं उघडताना कडकड वाजली.
सातव्या खोलीतल्याला विचारलं, जेवण कसं असतं?
पहारेकऱ्याकडे न बघता तो म्हणाला, “छान.”
न बघता,
हे त्यांनी वहीत टिपून घेतलं.
ते न बघणं किती घोटलेलं होतं
हे कुठल्या भाषेत सांगायचं?

संध्याकाळी अन्नागेल्दीच्या दुकानात बसलो.
तिथली सगळी कुलपं यंदा त्यानंच बदलली.
“जर्मन आहेत. आवाज म्हणून नाही.”
किल्लीवर कानस फिरवत राहिला,
मग म्हणाला,
“कडी बाहेरूनच.”

तेवढ्यात ओगुलबीबी आली, मुलाचं पत्र घेऊन.
पूर्वी ओळींवर काळी शाई फासायचे,
आता पांढरी.
दिव्याखाली धरून
ती नखानं हळूहळू खरवडत बसली.
एक अक्षर सुटलं,
त्याबरोबर थोडा कागदही.