सात टप्पे आणि वरचं थोडं

आमच्या खात्यात सहा किलोमीटरचा एक टप्पा.
अंतर मी असंच शिकलो, भाड्यातून.
पांढरकवड्याची मुक्कामी गाडी
पहाटे साडेपाचला खैरटोक्याहून निघायची.

पहिल्यांदा ती दिव्यांच्या उजेडात आली
तेव्हा ड्रायव्हर मडावी म्हणाला, रानडुक्कर असन.
पण दोन वेण्या होत्या,
शाळेची निळी सलवार पोटरीवर खोचलेली,
पाय अनवाणी.
मी घंटी मारली. गाडी थांबली,
ती नाही थांबली.
"पास हाये न वं तुयाजवळ?"
"हाये ना. पन गाडी लई थांबते.
तुमी या मांगून, मी जातो समोर."

कुळसंग्यांची वंचला. आठवी ब.
शाळा दोन टप्प्यांवर.
ओढ्याच्या पायवाटेनं आडवी जाऊन
आमच्याआधी फाटकाशी उभी असायची,
कपाळावरचा घाम ओढणीच्या टोकानं टिपत,
आणि खिडकीतून मला एकच शब्द:
"किती?"

मी वेबिलाच्या मागे तिची वेळ लिहू लागलो.
एकदा तपासणीत साहेबांनी पकडलं. हे काय?
म्हटलं, साहेब, विनातिकीट प्रवासी आहे,
पण गाडीच्या बाहेर.
साहेब हसले नाहीत. मेमो मिळाला.

तिचे पहिले बूट मुलाचे होते, सात नंबरचे,
टोकात सरकीसकट कापूस कोंबलेला.
त्या बुटांत जिल्हा, त्याच बुटांत नागपूर.
मग ती आमच्या रस्त्यावर दिसेनाशी झाली.
बिलासपूरला रेल्वेत लागली म्हणे.
मडावी म्हणाला, पाय बसचे आणि नोकरी रेल्वेची!

आगाराच्या कँटीनमध्ये टीव्हीवर पाहिलं तिला.
बोलणारा तिचं आडनाव दर वेळी वेगळं मोडत होता.
बेचाळीस किलोमीटर,
म्हणजे सात टप्पे, मी चहाच्या बशीवर बोट फिरवत मोजले.
दुसरा, शाळा.
तिसरा, जिनिंगचा फाटा.
पाचवा म्हणजे सायखेड्याचा चढ,
जिथे आमचीही गाडी पहिल्या गिअरवर येते
आणि म्हाताऱ्या बाया खिडकीचा गज धरतात.
तिथे तिचा उजवा खांदा खाली पडला.
मला तो खांदा ओळखीचा होता,
तिकडेच तिचं दप्तर असायचं.
दोन तास एकोणचाळीस मिनिटं.
देशात पहिली.
कँटीनवाल्यानं त्या दिवशी पैसे घेतले नाहीत,
दुसऱ्या दिवशी मात्र मागचे धरून घेतले.

सगळंच काही असं नव्हतं.
एका साली डॉक्टर म्हणाले, रक्त सात.
एका साली नडगीच्या हाडाला तडा.
दोनदा यादीत नाव नव्हतं, का ते कोणी सांगितलं नाही.
आणि परदेशातल्या त्या मोठ्या शर्यतीत
चौतिसाव्या किलोमीटरला ती कडेला खाली बसली,
बूट काढून हातात घेतला, आत पाहत राहिली.
चौतीस म्हणजे पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये.
तिथे आमच्याकडेही ना गाव, ना थांबा,
नुसता पळसांचा पट्टा.
रात्री तिथे कोणी हात दाखवला
तर मी गाडी थांबवतो. नियमात नाही.

त्यानंतरही ती चार वर्षं पळाली.
दोनदा जिंकलीसुद्धा.
पेपरात एवढीशी बातमी, ट्रॅक्टरच्या जाहिरातीखाली.

परवा संध्याकाळच्या गाडीत चढली.
डावा पाय जपून टाकत, पाठीवर एक बॅग.
तिसऱ्या बाकावर बसली, खिडकीशी.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या गाडीत.
म्हणाली, "काका, एक खैरटोका."
बायांना आता अर्धंच लागतं.
मी मशीनमधून कागद फाडून दिला,
तो तिनं उलटून मागची बाजू पाहिली.
कोरी होती.

गावाच्या अलीकडे, नाल्याच्या पुलावर,
तिनं उतरवून मागितलं.
पुलापासून पारापर्यंतच्या तुकड्याला
भाडेपत्रकात रकाना नाही.
मी मोजलेला नाही. दोनशे मीटर असेल,
थोडा कमीच.

उतरून दोन पावलं गेली, वळली,
दाराशी हात ठेवून म्हणाली, "किती?"

मशीनवर वेळ दिसत होती.
तरी मी मनगट पाहिलं.