कोनाघरी, बाई?

मे महिन्यात दिवसा हे गाव उन्हाचं असतं.
आपण दारं लावून, पडदा ओला करून,
कूलरच्या घरघरीत भाडेकरूसारखं पडून राहायचं.
रात्री अकरानंतर ते आपल्याला परत मिळतं.

मी चप्पल घालते.
टॉर्च मुद्दाम खुंटीवरच ठेवते.

पहिल्याच वळणावर परकोटाची भिंत.
हात लावला तर अजून गरम,
तापातून उठलेल्या माणसाच्या पाठीसारखी.
वेशीला आता दारं नाहीत,
बिजागरीच्या भोकांत पारवे झोपतात.
दिवसा इथून रेतीचे ट्रॅक्टर जातात
आणि आपण अंग चोरून कडेला उभं राहायचं.
आत्ता हत्ती जाईल एवढ्या कमानीतून
मी एकटी जाते,
मधोमध.

तेहतीस वर्षं मी या गल्ल्यांतून रात्रीच चालले.
पण तेव्हा पुढे कोणीतरी धावत असायचं,
कंदील घेऊन, मग बॅटरी, मग मोबाईलचा उजेड,
"चाला ना बाई लवकर, पानमोट फुटली!"
आणि माझे डोळे त्या उजेडाच्या चकतीत,
चकतीत दोन टाचा.
गाव कधी दिसलंच नाही.
भेगाळलेल्या टाचा दिसल्या,
नवऱ्यांच्या, दिरांच्या,
एकदा एका आठ वर्षांच्या पोरीच्या.

आता पेन्शन आहे.
टाचा माझ्याच.

कोष्टीपुऱ्यात एकच माग जागा, यादोरावाचा.
खटक-खट, खटक-खट,
मधेच गप्प. धागा तुटला.
मीही थांबते.
तो गाठ मारेपर्यंत सगळी गल्ली
एक पाय उचलून उभी.
मग खटक-खट,
आणि मी पाय टेकवते.

दारोदार खाटा टाकलेल्या.
माझ्या हातांत पहिल्यांदा रडलेली माणसं
तोंड उघडं टाकून घोरतायत, मिशा आल्यात त्यांना.
हा पायाळू.
ह्याच्या गळ्याला नाळेचे दोन वेढे.
ती भिंतीकडे तोंड करून झोपलीय,
ती चार थापट्या खाऊन मग रडली होती.
नावं विसरते मी हल्ली.
वजनं आठवतात.

घाटाच्या तोंडाशी इस्तारी भेटतो,
खांद्यावर जाळं. दचकतो.
"कोनाघरी, बाई?"
"कोनाच्याच नाही."
"मंग?"
"असंच. फिरून राहिली."
तो जाळं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतो.
या गावात रात्रीची कामं तीनच:
चोराचं, ढिवराचं, आणि माझं होतं ते.
'असंच' हे कुठल्याच कामात बसत नाही.
"तब्येत बरी हाय ना?"
बरी आहे, म्हणते.
तो अंधारात उतरतो, आणि जरा वेळानं
नुसता आवाज वर येतो,
"उजव्या बाजूनं नोका येऊ, शेवार हाय!"

मी डावीकडून उतरते.
धरण झाल्यापासून वैनगंगा वर आलीय,
खालच्या पायऱ्या पाण्यात.
शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून पाय सोडले
तर तळव्याला पुढची लागते, गुळगुळीत,
आणि तिच्या खालची लागत नाही
पण असते.
किती तरी वेळ मी पायानं मोजत बसते.
मागे ओळीनं छोटी देवळं, आत दिवा नाही.
नाकं झिजलेले देव
आणि मी,
कोणाचंच कोणाकडे काही काम नाही.

परतताना भिंत जरा निवलेली.
माग बंद झालेला.
कोणीतरी खाटेवर कूस वळून विचारतं, "कोन हाय?"
मी सांगत नाही,
आणि ते पुन्हा झोपतं.

उद्या मागच्या बोळातून जाईन.
तिथं दगडी बावडी आहे म्हणतात, कोरीव, तीन मजली.
सत्याऐंशी साली मी तिच्या कठड्यावरून
पळत गेले होते, जुळ्यांसाठी.
तेव्हा एवढंच कळलं होतं
की पायाखाली कुठेतरी
खोल, गार
काहीतरी आहे.