दोन इंच

कुताइसीच्या पुलाशी ओतारचं दुकान.
त्सियूरीबाईंनी फोन पुढे केला :
"दाराएवढा करून द्या."
फोटोत वाख्तांग, द्राक्षांच्या मांडवाखाली, अर्धवट हसताना.

ओतारनं ठिपके मोजले. आडवे सहाशे.
"मशीन इंचाला तीनशे मागतं, बाई.
नीट हवा तर दोन इंच रुंद.
ताणला तर डोळ्यांच्या जागी चौकोन."

"ताणा."

कागद सावकाश बाहेर आला.
जवळून भुवई म्हणजे सात तपकिरी फरश्या;
ओतार ओशाळला.
त्या मात्र मागे मागे सरकत गेल्या,
काउंटर, उंबरा,
रस्ता ओलांडून पावाच्या भट्टीपर्यंत,
आणि तिथून ओरडल्या :
"दिसतो की!
बस सुटताना दिसायचा तसाच."

ओतारनं पैसे घेतले
दोन इंचांचे.