गोल सही

सिव्हिलच्या तिसऱ्या मजल्यावर, लिनन-रूममध्ये,
न धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसून
शिवलीला मागण्या कन्नडात लिहिते, मी मराठीत.
इंग्रजी कागद डीनसाहेबांसाठी, तो उद्या.

हा माझा एकतिसावा तास.
पहाटे एकाच पेशंटचं बीपी मी दोनदा लिहिलं,
दुसऱ्यांदा शेजारच्या खाटेच्या नावावर.
कुसुम सिस्टरनी पाहिलं, खोडलं,
काही बोलल्या नाहीत. त्यांचं ते न बोलणं
अजून माझ्या एप्रनच्या खिशात आहे
अर्ध्या बिस्किटाच्या पुड्याशेजारी.

सुट्टीला तुमच्यात काय म्हणतात गं?
"सूटी."
पगाराला? "पगार."
संघ संघच. सहीसुद्धा सही.
खाली चौकात रात्रीतून
पाटीवरचं एखादं अक्षर काळं होतं,
इथं वर आम्हाला भांडायला शब्द सापडेना.
फक्त झोपेला ती निद्दी म्हणते,
आणि ती दोघींकडेही नाही.

तेवढ्यात निपाणीहून आईचा फोन.
वखारीत तंबाखू चाळण्यात बावीस वर्षं गेली तिची,
बोलताना मधेच खोकते.
"संघ काढायलाय व्हय? वर्गणी किती?"
अजून ठरली नाही, आई.
"आदी वर्गणी ठरवा. रुपाया का असंना.
पैसा घातलेलं माणूस माघारी फिरत न्हाई.
आन् सह्या खाली खाली करू नकासा,
पैल्या सहीवाल्याला काढत्यात.
गोल करा. आमी तसंच केल्तं."

सात वर्षं शिकले मी. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

सलाईनची रिकामी बाटली कागदावर उभी करून
शिवलीलानं कड गिरवली.
ऑर्थोच्या नाझनीननं वाकड्या मानेनं सही केली,
बालरोगच्या संजीव अनगोळकरनं उलटी,
भूलवाला महांतेश आधी म्हणाला, वडिलांना विचारतो,
मग दारापर्यंत जाऊन परत आला.
एकेक नाव बाहेरच्या बाजूला,
लहान पोरानं काढलेल्या सूर्याच्या किरणांसारखं.
स्टायपेंड चार महिने थकलंय, ते कलम
घाईत दोनदा लिहिलं गेलं. राहू दे म्हटलं.

मग खालून हाक: खानापूरकडून टेम्पो आलाय,
पाचजण, एक बाळंतीण.
कागद चौघडी करून खिशात कोंबला, धावलो.
लिफ्ट बंदच. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर
माझ्या लक्षात आलं,
मी सही केलीच नाही.